मागचा दिवा

"आहे का गं कुणी मागे?" नछत्तरसिंगनं ट्रॅक्टरवरून मान न वळवताच ओरडून विचारलं.

"कुणी नाही. चला मुकाट्यानं," जसमेल कौर ओरडली. रिकाम्या ट्रॉलीत, अगदी मागच्या फळीशी, रस्त्याकडे तोंड करून ती बसली होती. अंगावर दोन शाली, मांडीवर बॅटरी.

कारखान्यावर ऊस टाकला तेव्हा चक्क ऊन होतं. सोमवारी गोधड्या वाळत घालाव्यात असं ऊन, मंगळवारी गारा, मग हाडं गोठवणारा वारा, काल पाऊस. "ही थंडी आहे की नवी सून? रोज नवं तोंड दाखवते," असं जसमेल दुपारीच वजनकाट्यावरच्या माणसाला म्हणाली होती. तो हसतोय तोवर शेतांतून धुकं उठलं आणि दिवस मावळायच्या आतच रस्ता गिळून बसलं.

"आता?"

"आता काय? तुमची सासू बसलीय मागे! चला म्हणते ना."

नछत्तर हसला नाही. गेल्या हिवाळ्यात अशाच धुक्यात एका लहान गाडीनं त्याच्या ट्रॉलीचा लाल दिवा बघून माग धरला होता. धुक्यात सगळेच तसं करतात, पुढच्याला रस्ता ठाऊक असणार म्हणून. नछत्तरला ठाऊक होताच, पण स्वतःच्या शेताचा. कालव्यावरच्या अरुंद, बिनकठड्याच्या पुलावर तो वळला, मागची गाडीही वळली. ट्रॅक्टरच्या धडधडीत त्याला काही ऐकू आलं नाही. घरी जाऊन तो पोटभर जेवला, गाढ झोपला. सकाळी धुकं विरल्यावर जसमेललाच पाण्यात गाडीचं छप्पर दिसलं. नवराबायको होती, कुणाच्या तरी लग्नाला निघालेली. पोलिसांनी, गावानं, त्या मुलीच्या बापानंही नछत्तरला बोल लावला नाही. तो त्यानं स्वतःच लावून घेतला.

त्यानंतर त्यानं दिवा काढून सीटखाली गुंडाळून ठेवला. बिनदिव्याच्या ट्रॉलीवर कुणी येऊन आदळेल, असं जसमेलनं शंभरदा सांगून झालं. पण धुकं पडलं की याला मागे गाडी दिसायची. मग हा पुलापाशी वळायचाच नाही. सरळ पुढच्या गावच्या गुरुद्वारात जाऊन बसायचा, धुकं जाईपर्यंत. गेल्या खेपेला दोन दिवसांनी आला तो तापानं फणफणत. आणखी एक हिवाळा असा गेला तर हा माणूस हातचा जाईल, हे जसमेलला कळून चुकलं होतं. म्हणून आज ती हट्टानं बरोबर आली होती. काही झालं तरी त्या पुलावरून त्याला घरी न्यायचं.

पूल आला. ट्रॅक्टर थांबला, इंजिन धडधडत राहिलं.

"नीट बघ, जसमेल. तुला वाहेगुरूची शपथ आहे."

कुणी नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिला दिवे दिसले. दोन, पिवळट, एकमेकांच्या शेजारी, थांबलेले.

नाही म्हटलं तर हा वळेल. घरी येईल, मोहरीच्या पाल्याची गरम भाजी खाईल, स्वतःच्या खाटेवर झोपेल. पण खरंच कुणी असेल तर? ती बॅटरी घेऊन खाली उतरली.

"अरे बाबा, काच खाली कर! हा रस्ता शेतात जातो!"

ती चालत गेली, तसे दिवे मागे सरले. ती थांबली, तेही थांबले. मागच्या बाजूला नछत्तरचा ट्रॅक्टर धडधडत होता, पुढून कसलाही आवाज नव्हता. तिनं बॅटरी खाली धरली. कालच्या पावसानं ओल्या झालेल्या रस्त्यावर ट्रॉलीच्या चाकांच्या खुणा होत्या, दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या.

जसमेलला पळत सुटावंसं वाटलं. पण ते दिवे नुसते उभे होते, रस्ता विचारायला थांबलेल्या माणसांसारखे, आणि बघता बघता तिला त्यांची इतकी दया आली की डोळे भरले. वर्षभर ही पोरं ह्याच्या मागे मागे हिंडतायत, आणि हा त्यांना चुकवतोय.

ती परतली तेव्हा नछत्तर स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता.

"आहेत ना?" त्यानं विचारलं.

वर्षभर तिनं त्याला वेड्यात काढलं होतं.

"आहेत," ती म्हणाली. "सीटखालचा दिवा काढा."

"डोकं फिरलं का तुझं? दिवा बघून मागे येतील ती!"

"येऊ देत. लग्नाला निघालीत पोरं, रस्ता चुकलीत. मोठ्या रस्त्याला लावून देऊ आणि मग घरी जाऊ. आज घरीच जायचंय, सरदारजी."

मग खाली वाकून त्यानं दिव्याभोवतीचं फडकं सोडलं, शालीच्या टोकानं काच पुसली. जसमेलनं दिवा ट्रॉलीच्या मागच्या आकड्याला अडकवला, तार जोडली. मागचं धुकं लाल झालं.

ती त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर येऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही. पूल डावीकडे राहिला. नछत्तर कधी नव्हे इतका हळू चालवत होता, आणि खड्डा आला की हात बाहेर काढून मागच्यांना खूण करत होता, सावकाश या म्हणून.