खलबत्ता

भूकंपमापकाच्या पडद्यावरची रेघ थयथयाट करायला लागली, तसे केळुसकर मान वर न करताच ओरडले, "अगं, पुरे कर आता ते कुटणं!"

"कसलं कुटणं?" म्हणत हेमांगी बाहेरून आत आली. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली होती. केळुसकरांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. पितळी खलबत्ता ओट्यावर एकटाच किणकिणत होता.

ज्वालामुखीच्या पोटातला शिलारस वर सरकू लागला की आधी असे बारीक बारीक धक्के बसतात. ते ओळखायलाच सरकारने त्यांना या बेटावर धाडलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी ते ओळखलेही. अख्खं गाव होड्यांत बसून समुद्रात गेलं आणि मग कळलं, की शेजारच्या खोलीत हेमांगी दाण्याचं कूट करत होती. तेव्हापासून बेटावरची पोरंटोरं त्यांना बघितलं की हवेत बत्ता आपटून दाखवायची.

त्यांनी भोंगा वाजवला. खाली बाजारात कुणी हातातला तराजूसुद्धा खाली ठेवला नाही. "आम्हालाही पाठवा थोडं कूट," मुखिया फोनवर म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

"तुमचं आता कोण ऐकणार?" हेमांगी म्हणाली. तिने खलबत्ता उचलून कमरेवर घेतला आणि टेकडी उतरून ती थेट बाजाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

वर भोंगा बोंबलतच होता. मुखियाने तिच्या कमरेकडे पाहिलं.

"बाई, हा इथे, तर मग वर कुटतंय कोण?"

हेमांगीने डोंगराकडे बोट दाखवलं.