फार्गोवर हात

चहाच्या आधी गप्पांत शेवरलेट आली आणि आकारामच्या जिवात जीव आला. गाडीवाला माणूस निघाला पाहुणा. आता निभेल.

कुंडलचे तात्याबा मलकापुरात आले होते ते आकारामच्या चंद्राला आपल्या मुलासाठी बघायला. सोबत त्यांची बहीण बनुबाई. मुलगा आला नव्हता. आधी मोठ्यांनी घर बघायचं ठरलं होतं. तात्याबा लढाईत मिलिटरीचे ड्रायव्हर होते. आसामच्या चिखलात चालवलेल्या शेवरलेटचं ते असं कौतुक सांगत होते, जशी काही गोठ्यातली दुभती म्हैसच. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मनगट गेलंच म्हणून समजा. आकारामनं आपलं वाकडं मनगट पुढं केलं. दोघंही हसले. मग जुन्या बेडफर्ड बसगाड्या निघाल्या, घाटात उकळणारे रेडिएटर निघाले, गिअरचा आवाजही न करता डबल क्लच मारणारे एकेक गडी निघाले.

दाराआड चंद्रा पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. डबल क्लच तिला झोपेतसुद्धा मारता आला असता. आणि नेमकं हेच पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं.

आकारामला मुलगा नव्हता. बापाचा जुना मालट्रक, अंगणातली ती फार्गो, धुता धुता चंद्रा ती चालवायलाच शिकली. मळ्याच्या वाटेवर, लोकांची नजर चुकवून. पण लोकांची नजर कधी चुकते होय? मागच्या स्थळानं निरोप धाडला होता, पोरगी म्हणं ट्रकवर बसते, आमाला सून पायजे, ड्रायव्हर नको. तेव्हापासून तिची आई मनुबाई तिला फार्गोजवळ फिरकू देत नव्हती. हेही स्थळ गेलं तर पुन्हा आपल्या दारात कोण येणार, या धास्तीनं घरातल्यांची झोप उडाली होती.

चंद्रा मान खाली घालून बाहेर आली. बनुबाईनं तिचा हात हातात घेतला आणि तळवा दाबून बघितला.

"लय राठ हाय गं हात."

"खुरप्याचं काम असतंय की," मनुबाई घाईनं म्हणाली.

तात्याबा त्या तळव्याकडं बघत राहिले. चांगले बघत राहिले. मग नाव विचारलं, बस्स, आणि जा म्हणाले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, काही नाही.

"आवं आकाराम," पोह्यांची बशी खाली ठेवत ते सहज म्हणाले, "नागपंचमीच्या आदी शिराळ्याच्या वाटंवर तुमची फार्गो हुती का?"

आकारामचा घास तोंडातच फिरला. होती तर! वैरण भरून परतताना वाटेतच त्याला हुडहुडी भरली होती. तो केबिनमध्ये आडवा पडला, आणि त्याचा फेटा कानापर्यंत गुंडाळून चंद्रानं गाडी घरी आणली होती.

हुती असंल, तो म्हणाला.

तात्याबा सांगू लागले. ते समोरून येणाऱ्या बसमध्ये होते. अरुंद पूल, कठडा नाही, खाली गढूळ पाणी फुगलेलं. मध्यावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या आणि बसच्या ड्रायव्हरचे हातपाय गळाले. फार्गोनं मात्र अख्खा पूल मागं मागं जात मोकळा केला, चाक काठाला न लावता. असा हात लढाईतसुद्धा बघितला नाही, असं ते म्हणाले.

"कोन हुतं चालवायला?"

"माझा भाऊ. अर्जुना."

"बोलवा की त्यास्नी."

तो सुट्टी संपवून पलटणीत गेला, आकाराम म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज उगीचच मोठा झाला. बनुबाईनं भावाकडं पाहिलं. भाऊ उठला, अंगणात गेला आणि फार्गोसमोर उभा राहिला. मागोमाग चंद्रा सोडून सगळेच गेले.

"या इकडं. बॉनेटवर हात ठिवा."

आकाराम दोन पावलं अलीकडंच थांबला. गाडीवर हात ठेवून ड्रायव्हर खोटं बोलत नाही. बोललाच तर पुढच्या घाटात गाडी त्याचं ऐकत नाही. जुन्या गड्यांत हे देवाच्या शपथेपेक्षा मोठं होतं, आणि आकारामनं ते जन्मभर पाळलं होतं.

"आता सांगा. तुमच्या पोरीनं ही गाडी कवा तरी चालवली हाय का?"

मनुबाईनं पदर तोंडाला लावला. खिडकीत चंद्रानं गज घट्ट धरले. सांगून टाका आबा, असं एकदा तिच्या मनात आलं. लगेच आईचा चेहरा दिसला आणि तिनं डोळे मिटले.

उन्हानं पत्रा चटके देत होता. आकारामनं हात ठेवला आणि उचलला नाही.

"न्हाई. तिला स्टेअरिंग कसं धरायचं त्ये बी ठावं न्हाई."

तात्याबांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. आकारामनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मग सुपारी कवा फोडायची, असं हसत विचारलं.

तात्याबा पायात चपला सरकवत होते.

"गाडीवर हात ठिवून ड्रायव्हर खोटं बोलत न्हाई, तवा ती फार्गो दुसऱ्या कुनाची असंल," ते म्हणाले. "तिच्यावर पोरगीच हुती, पावणं. फेट्याखालनं वेणी सुटल्याली म्या माझ्या डोळ्यानं बघितली. आमच्या दारात ट्रक हाय आन् पोराला घाट बघितला की घाम फुटतोय, म्हणून त्याच पोरीला सून करायला फार्गोवाल्यांची घरं हुडकत निघालोय."