पॅनल उजवीकडे

"माझं पॅनल कुणी काढलं?" मधुसूदनांनी पुन्हा विचारलं आणि माऊस उगाच इकडेतिकडे फिरवला.

कुणी काढलं नव्हतं. स्क्रीनच्या डाव्या कडेला ते होतं, सगळी चिन्हं एकाखाली एक, त्यांनी स्वतः लावली होती तशी. सगळे विंडोज वापरतात म्हणून हे लिनक्स वापरणार, आणि सगळ्यांची पट्टी खाली असते म्हणून यांची डावीकडे उभी. अख्ख्या दर्पण कॉलनीत एवढा हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून मात्र डावी बाजूच त्यांच्या जगातून उठून गेली होती. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, मेंदू ती बाजू जमेस धरत नाही. ताटातली भाजी-आमटी ते चाटूनपुसून संपवत आणि डावीकडची चटणी तशीच ठेवून इंदुताईंवर रागावत, चटणी का वाटली नाहीस म्हणून. इंदुताई मुकाट्यानं ताट फिरवत. चटणी सापडे.

"मग पॅनलही फिरवू. उसमें क्या है!" तन्वी म्हणाली. सिटी सेंटरच्या ऑफिसातून ती त्यासाठीच लवकर निघून आली होती.

गणेशोत्सवातलं मंडळाचं नाटक दरवर्षी तिचे बाबाच लिहीत. यंदाचे शेवटचे प्रवेश राहिले होते आणि रविवारपासून तालमी. मंडळाचे जयसिंहराव भला माणूस, तरी सकाळी त्यांनी फोनवर चाचरत विचारलंच, "वहिनी, होईल ना? नाहीतर आम्ही दुसरं काही बघतो." "न व्हायला काय झालं?" इंदुताईंनी ठणकावून सांगितलं होतं. मंडळाला दुसरं नाटक कुठेही मिळालं असतं. हे नाटक हातातून गेलं तर आपला माणूस सकाळी उठून करणार काय, ही त्यांची भीती होती, आणि तन्वीचीही तीच.

तन्वीनं पॅनलवर राइट क्लिक केलं, सेटिंग उघडलं आणि 'लेफ्ट'च्या जागी 'राइट' निवडलं. पट्टी टुणकन पलीकडे गेली. तिनं चिन्हं दुप्पट मोठी केली आणि चुकून धक्का लागून हलू नयेत म्हणून जागच्या जागी पक्की केली.

"अरे, आलं की!" मधुसूदन एकदम खुलले. "मी म्हणत नव्हतो, कुणीतरी काढलंय म्हणून?" त्यांनी स्वतः चिन्हावर क्लिक केलं, स्वतः फाईल उघडली. नाटक समोर आलं.

"आई, हो गया! बाबांनी खुद खोललं!"

इंदुताई पदराला हात पुसत आल्या, बघितलं, आणि आता त्या थांबतात कुठल्या? लगेच जयसिंहरावांना फोन लावला. "भाऊजी, बसलेत लिहायला. थांबा, तुम्हीच ऐका." त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पुढे धरला.

मधुसूदन वाचू लागले. दोनतीन वाक्यं वाचली आणि अडले. "हे बोलतंय कोण?"

"नावं आहेत ना, बाबा, लेफ्टला. दाजी, रमाकाकू..."

"कुठे आहेत? नुसती बडबड चाललीय. कोण कुणाला बोलतंय, काही पत्ता नाही." त्यांचा आवाज चढला. "माझं नाटक असं नाहीये."

"एक मिनट, बाबा. करते मी." तन्वीला वाटलं, यात काय अवघड आहे, पॅनल गेलं तशी नावंही जातील. नावांचा रकाना तिनं उचलला आणि उजवीकडे, पॅनलला खेटून ठेवला. मग तिनं अक्षरंही मोठी केली. "होतंय हं, होतंय," इंदुताई फोनला सांगत होत्या.

"हां, आता आले सगळे," मधुसूदन म्हणाले. त्यांनी चष्मा नीट केला, खाकरले आणि दरवर्षी वाचनाला बसत तसे ताठ बसले.

"दाजी," त्यांनी जाड, घोगऱ्या आवाजात वाचलं. "रमाकाकू." हा आवाज चिरका, भांडखोर. "दाजी. रमाकाकू. दाजी."

माणसं सगळी होती. प्रत्येकाचा आवाजही शाबूत होता. वाक्यं डावीकडे राहिली होती, ठसठशीत मोठ्या अक्षरांत, आणि ती तन्वीला दिसत होती. तिला रडू आवरेना. उद्या सगळी खोली उचलून उजवीकडे नेली, तरी त्या खोलीलाही एक डावी बाजू राहणारच होती. मधुसूदन आपले एकेक नाव वाचत खाली खाली जात होते, मन लावून, कुठेही न चुकता.

पान संपलं तेव्हा ते थांबले.

"आलेत सगळे," ते हळूच म्हणाले. "पण कुणी बोलत का नाही गं?"

इंदुताईंनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"ऐकलंत ना, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.