गुळाच्या पाकातल्या रिंगा

तपासनीस व्यंकटरावांनी दोन्ही तळहातांवर एकेक रबरी रिंग ठेवली आणि डोळे मिटले. उजवीकडची किंचित जड वाटली. पण अडीच हजार रिंगा अशा तोलत बसायचं तर चार दिवस लागले असते, आणि हाताशी होते चार तास.

"बन्सी हमालानं पेटी उचलली म्हणून कळलं," मॅनेजर केशवराव म्हणाले. "साध्या रबराची पेटी एवढी जड कशी, असं म्हणाला. फ्लोरिनचा अख्खा ट्रे तिच्यात ओतलेला."

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात तेल अडवणाऱ्या रिंगा बनत. साधं रबर गार तेलाला पुरतं. इंजिनातल्या तापलेल्या तेलात ते पापडासारखं कडक होतं आणि तेल झिरपू लागतं. तिथं फ्लोरिन असलेलं रबरच लागतं. ते कितीतरी महाग, पण दिसायला हुबेहूब तसंच काळं. म्हणून नियम असा, की ट्रे भट्टीतून निघाला की तपासनिसानं नोंदवही पाहून त्याला रंगीत चिठ्ठी बांधायची आणि बायांनी त्या रंगाप्रमाणे पेटी भरायची. बहुतेकींना वाचता येत नसे. पूर्वी चिठ्ठ्या पिवळ्या आणि निळ्या असत. केशवरावांनी गेल्या महिन्यात नव्या आणल्या: साध्या मालाला लाल, फ्लोरिनला हिरवी. त्यानंतर फ्लोरिनचा माल निघण्याची ही पहिलीच वेळ; तोवर खिळ्यावर फक्त लालच असत.

"शनिवारी चिठ्ठी कोणी बांधली?" केशवरावांनी विचारलं.

"मी," व्यंकटराव म्हणाले. "हिरवी. माझ्या हातानं."

"आणि पेटी कोणी भरली?"

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी व्यंकटरावांकडे पाहिलं. मग पदर सावरला.

"म्या भरली. माझ्याच हातनं झालं आसंल, साहेब."

केशवराव आवाज चढवत नसत. "पाचला पुण्याची गाडी आहे. तोवर माल वेगळा झाला तर उत्तम. नाहीतर अहवालात नाव लिहावं लागेल, व्यंकटराव. कायम करायच्या यादीवरही मला आजच सही करायची आहे."

ते गेले. मुकुंदवाडीहून रोज पायी येणाऱ्या द्वारकाबाईंचं नाव आठ वर्षांनी प्रथमच त्या यादीत आलं होतं. व्यंकटरावांनी स्वतः शिफारस केली होती. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. जाण्यापूर्वी एवढं एक काम करून जावं, असं त्यांच्या मनात होतं.

"लक्ष कुठं होतं तुमचं?"

"लक्ष व्हतं की."

"मग असं कसं झालं?"

"झालं म्हणते ना, साहेब. आता रिंगांचं बघा." त्या कोपऱ्यातल्या बादलीकडे वळल्या. "बाजरीचं बी आम्ही पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकतो. रोगट दाणा हलका, तो वर येतो. चांगला खाली बसतो."

व्यंकटराव थबकले. रसायनशास्त्राची पदवी घेऊन छत्तीस वर्षं झाली होती. एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली नव्हती.

बादलीभर पाण्यात मीठ विरघळवलं. दोन्ही रिंगा टाकल्या. दोन्ही बुडाल्या.

"आजून मीठ टाकू?"

"आता विरघळायचं नाही. पाणी याहून दाट पाहिजे."

"मग गुळाचा पाक."

उपाहारगृहातल्या चतुराबाईंनी लासूरच्या गुळाची ढेप दोन्ही हातांनी धरून ठेवली. "उद्या लोकायनी चहा बिनगुळाचा प्यायचा व्हय?"

"एक दिवस पितील," व्यंकटराव म्हणाले.

चुलीवरच्या घमेल्यात पाक दाट झाला. तो कोमट झाल्यावर दोन्ही रिंगा पुन्हा टाकल्या. साधी रिंग रेंगाळत वर आली. फ्लोरिनची तळाशी जाऊन बसली.

पुढचे दोन तास दोघं घमेल्यावर वाकून होते. वर आलेल्या रिंगा झाऱ्यानं काढायच्या, तळातल्या वेगळ्या काढायच्या, गरम पाण्यात धुवायच्या. द्वारकाबाई मान वर न करता झारा चालवत होत्या. व्यंकटरावांना त्यांची कणव आली.

"मनाला लावून घेऊ नका. चुका सगळ्यांच्या होतात. मला घरी कधी टोमॅटो आणायला पाठवत नाहीत. निम्मे कच्चे आणतो, तुमचं चित्तच थाऱ्यावर नसतं, असं माझी बायको कालिंदी म्हणते."

द्वारकाबाईंचा झारा थांबला. "कच्चे आणता?"

"हिरवेगार, म्हणे."

"कवापासून?"

"लग्न झाल्यापासून."

झारा पुन्हा चालू लागला.

पावणेपाचला शेवटची रिंग पुसून झाली. दोन्ही पेट्यांतली संख्या नोंदवहीशी जुळली. व्यंकटरावांनी अहवाल लिहिला: 'माल मिसळला होता, वेगळा करण्यात आला. नुकसान नाही. दोष कोणा एकाचा नाही.' केशवरावांनी तो दोनदा वाचला, पाकाच्या घमेल्याकडे पाहिलं आणि यादीवर सही केली.

"द्वारकाबाई, उद्यापासून तुम्ही कायम."

त्यांनी हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला. केशवराव गाडी बघायला फाटकाकडे गेले. व्यंकटरावांच्या छातीवर दुपारपासून असलेलं ओझं उतरलं होतं. कष्ट करणाऱ्या बाईची भाकरी आपण एका ओळीनं वाचवली, हे समाधान त्यांना निवृत्तीनंतरही पुरलं असतं.

"तुमचं नाव कुठंही येऊ दिलं नाही मी," ते मायेनं म्हणाले. "पण यापुढं चिठ्ठीचा रंग नीट पाहत चला."

"व्हय, साहेब."

पेट्यांना चिठ्ठ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. त्यांनी खिळ्यावरची एक चिठ्ठी काढली आणि पुढं केली.

"ही घ्या हिरवी. फ्लोरिनच्या पेटीला बांधा."

द्वारकाबाईंनी हात पुढं केला नाही. फाटकाकडे एकवार पाहून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"ही लाल हाय, साहेब. शनिवारी बी तुम्ही हीच बांधली व्हती."