शिक्क्याला हरकत

"सही नाही करायची मला," रोटिया म्हणाली आणि तिने कागद चटईवरून परत सरकवला.

फिजीहून या बेटावर आलेल्या वासितीने घड्याळ पाहिलं. पाच वाजता मुदत संपत होती. मग त्या टूना बोटीच्या डब्यांवर ‘समुद्र जपून पकडलेला मासा’ असा शिक्का बसणार आणि परदेशी दुकानं डोळे झाकून माल उचलणार. समुद्र वाचवण्यासाठी झटणाऱ्या तिच्या संस्थेने वेळेत हरकत घेतली, तरच चौकशी होणार होती.

"मावशी, बेरेटीसाठी तरी!"

बेरेटी रोटियाचा थोरला. त्या बोटीवर तो सरकारी निरीक्षक होता. जाळ्यात आणखी काय काय मेलं ते लिहायचं, एवढंच काम. त्याच्या आवाजातला शेवटचा निरोप रोटियानेच मागच्या खेपेला वासितीच्या फोनवर पाठवला होता. "आई, कप्तान म्हणतो डॉल्फिनचा आकडा खोड. मी नाही खोडणार." दोन दिवसांनी तो म्हणे पाय घसरून समुद्रात पडला.

"हरकत घेतली की बोटीवर कधी कळतं?" रोटियाने विचारलं.

"लगेच. बोटीच्या कंपनीला सगळ्याची प्रत जाते, नियमच आहे. का हो?"

"सहज." रोटियाने नारळ खवायला घेतला. "तीन आठवड्यांनी ये. मग बघू."

"तेव्हा काय उपयोग? शिक्का बसलेला असेल!"

"घसरलाच असेल गं तो. धांदरटच होता कार्टा."

पोटच्या पोराबद्दल असं? वासितीची नजर कोपऱ्यातल्या तांदळाच्या पोत्यांवर गेली. कंपनीने पाठवलेली.

"चार पोत्यांत तोंड बंद झालं तुमचं, मावशी," ती बोलून गेली.

रोटियाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात खवतच होते. लाज वाटली असेल, असं वासितीला वाटलं.

बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली उभं राहून तिने संस्थेच्या नावाने हरकत पाठवली. आईची सही नव्हती, पण बेरेटीचा आवाज होता. तो जोडला. पाचाला सात मिनिटं कमी होती. मेलेल्याची बाजू कुणीतरी घ्यायलाच हवी होती. ती रडली, आणि तिला जरा हलकं वाटलं.

शेजारी जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या टेकोआने विचारलं, "केली का गं सही तिने?"

"नाही, आजोबा."

"कशी करील? या घरात भावाचं अर्धं राहिलेलं काम भाऊच पुरं करतो. धाकटा आहे ना त्याच बोटीवर, थोरल्याच्या जागी. अजून तीन आठवडे बोट परतायची नाही."