पहिला चीक

शेजारच्या हौसाबाई रिकामा डबा घेऊन गोठ्यात आल्या. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटायचा, ही सासूबाईंची रीत.

लागोपाठ दोन वासरं दगावल्यावर मी ती रीत मोडली आणि पुढच्या कालवडीला सगळा चीक बाटलीने पाजला. महिनाभर सासूबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

आज तीच कालवड पहिल्यांदा व्याली. मी चिकाची बाटली भरली, तोच सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली.

त्यांनी तिथेच फतकल मारली आणि बाटली वासराच्या तोंडात दिली. ते शेपटी हलवत ओढू लागलं.

"डबा घरी ने, हौसे."

"मग खरवस?"

"उरला तर सुनेला विचार," सासूबाई म्हणाल्या. "गोठा तिचा आहे."