कीबोर्डखालचा उजेड

उस्तादांनी शेवटचा स्क्रू पिळला. आज स्क्रूड्रायव्हर हातातून एकदाच निसटला होता.

"झालं. आज दिवा कसा लागत नाही तेच बघतो."

"आधी चक्कर मारून या," बायको म्हणाली. "मी आवरते इथलं."

जोडलेलं मशीन लगेच चालू करायचं नाही, हा उस्तादांचा दुरुस्तीच्या दुकानातला जुना नेम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बाहेर एक फेरी मारायची, डोकं थंड करायचं, मगच बटण दाबायचं. ते काठी घेऊन निघाले.

लॅपटॉप मुलीचा, जुना. पंख्यातली धूळ काढायला म्हणून त्यांनी तो उघडला. परत जोडल्यावर सगळं चाललं, फक्त कीबोर्डखालचा दिवा लागेना. एरवी हे काम त्यांनी गप्पा मारता मारता उरकलं असतं. पण अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात ऐकत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून यांनी तो खिडकीबाहेर भिरकावला. तोही डाव्या हातानं.

तिकडे धाकट्या भावानं दुकान विकायचा विषय काढला होता. "दादा, हातच नाही तर दुकान कशाला?" असं तोंडावर म्हणाला. उस्तादांच्या ते फार जिव्हारी लागलं. हात आला नाही तर दुकान गेलं, इतकं सरळ होतं.

मग ते त्या दिव्याच्या हात धुऊन मागे लागले. रोज झाकण उघडायचं, बॅटरी सोडवायची, दिव्याची पातळ पट्टी खाचेत सरळ बसवायची आणि वरची इवलीशी खिट्टी दाबायची. सुरुवातीला एक स्क्रू उचलेपर्यंत चहा गार व्हायचा. बायको शेजारी टॉर्च धरून बसायची आणि टोमणे मारायची.

"द्या की भंगारात."

"तू मला अजून ओळखलं नाहीस."

"ओळखलंय म्हणूनच टॉर्च धरलाय."

एकदा स्क्रू सोडवता सोडवता उस्ताद थबकले. "फार घट्ट बसलेत गं हे."

"मग हातात जोर येतोय तुमच्या," ती म्हणाली.

त्यांनी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा स्क्रू धरला.

गेल्या आठवड्यात भाऊ येऊन गेला. उजव्या हातानं चाललेलं काम दारातूनच बघत राहिला. "थांबतो अजून थोडे दिवस," एवढंच म्हणाला.

उस्ताद फेरी मारून आले. बटण दाबलं. पडदा उजळला, कीबोर्ड मात्र काळाच.

"घोडं कुठेतरी अडतंय खरं," बायको चहा ओतत म्हणाली. "उद्या बघा परत."

"बघणारच. सोडतो की काय."

त्यांनी कप उजव्या हातानं उचलला. थेंबही सांडला नाही. बायकोला भरून आलं, म्हणून ती उगाचच टेबल पुसू लागली.

"अगं," उस्ताद फुंकर मारत म्हणाले, "उद्या मी चक्करला गेलो की पट्टी काढताना खिट्टी नखानं उचल. स्क्रूड्रायव्हरनं मोडेल ती."